पाणी बसू दे

माझ्या आयुष्यात एकाच माणसाशी मला भाव करता आला नाही, आणि तो माणूस काही विकतच नव्हता.

भाव करणं हा माझा धंदा आहे आणि स्वभावही. डोलवीच्या कंपनीत मी ठेकेदाराकडे वेल्डर होतो, तेव्हा बाकीचे जे मिळतील ते फाटके हातमोजे घालायचे. मी भांडून नवे घ्यायचो. कंपनीतल्या साहेबलोकांच्या घरी काचेच्या टाक्यांत मासे असायचे. त्या टाक्यांना लोखंडी स्टँड करून देता देता मी काच कापायला शिकलो, सिलिकॉन लावायला शिकलो, आणि एक दिवस शिफ्ट सोडून रोह्यात दुकान टाकलं. टाकी, स्टँड, पंप, दिवा, रंगीत खडे, मासे, सगळं एका छपराखाली. माझी टाकी कधी गळली नाही. टाकी गळत नाही म्हणजे माशांमधलं आपल्याला सगळं कळतं, असं तेव्हा मला वाटायचं, आणि ते मी गिऱ्हाइकांना मोठ्या आवाजात सांगायचो.

ज्यांच्याशी भाव जमला नाही ते पेणला राहायचे, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी त्यांना काका म्हणायचो. म्हणजे तोंडावर. पाठीमागे काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

काकांचं उभं आयुष्य मिठागरावर मुकादमी करण्यात गेलं. एक एक मिठागर बंद पडत गेलं तसे ते घरी बसले, आणि येताना मिठागरावरून एकच गोष्ट घेऊन आले, ती म्हणजे जीभ. खाडीचं पाणी कोणत्या खाचरात किती आटलंय, मीठ धरायला अजून किती ऊन लागेल, हे ते जिभेवर थेंब ठेवून सांगायचे. घरी बसल्यावर मिठाचं पाणी राहिलं नाही, मग त्यांनी माशांच्या टाक्या केल्या. ओटीवर पाच-सहा, पडवीत तितक्याच. अनामिका पाण्यात बुडवायची, जिभेच्या शेंड्याला लावायची, डोळे मिटायचे आणि जास्वंदीच्या झाडाकडे तोंड करून थुंकायचं. मग निकाल. त्यांच्या बायकोला विचारलं तर ती म्हणायची, "मला बगायला आले तेव्हा आदी आमच्या विहिरीचं पानी चाखलं. मग माझ्याकडं बगितलं."

"पानी बरं होतं म्हनून तर हो म्हटलं, गो," काका म्हणायचे.

त्यांच्या ओटीवर बादल्यांची रांग असायची. प्रत्येकीवर फडकं बांधलेलं. एक सोमवारची बादली, एक मंगळवारची, एक बुधवारची. नळाचं पाणी आणल्या आणल्या माशांना घालायचं नाही, दोन दिवस ठेवायचं, हे आज कोणीही सांगेल. काका वेगळंच सांगायचे. "नलाचं पानी म्हंजे बाजारातनं धावत आलेला मानूस. दारात पाय ठेवल्या ठेवल्या त्याला कामाला लावशील काय? बसू दे. घाम जाऊ दे त्याचा." घाम म्हणजे ब्लीचिंग पावडरचा वास. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं आणि वरून पावडर जास्त पडते, तेव्हा ते बादल्या तीन-तीन दिवस बसवून ठेवायचे. बादल्यांनाच नाही, माणसांनाही. दारात आलेला कोणीही आधी ओटीवरच्या बाकावर बसवला जायचा. तासभर काका त्याच्याशी बोलायचे नाहीत. मग हात पुढे करायला सांगायचे आणि नमस्कार न करता तो हुंगायचे. साबणाचा वास आला तर टाकीच्या तीन हात लांब. डोक्याला सुगंधी तेल असेल तर ओटीच्या पायरीखाली.

मी पहिल्यांदा गेलो तो मासे घ्यायला. त्यांच्याकडे एंजल माशांची पिल्लं झाली होती, नाण्याएवढी, काळ्या पट्ट्यांची. मुंबईहून येणारी पिशवीतली पिल्लं अर्धी मेलेलीच यायची. पेण हाताशी. मी मनात भाव ठरवून गेलो होतो आणि त्याच्या निम्म्यापासून सुरुवात केली.

"इकायची नाय," काका म्हणाले.

मी थोडा वर चढलो.

"तुझ्या दुकानातलं पानी आन."

"पाण्याचा काय संबंध?"

"ती पोरगी द्यायची म्हंजे घर नको बगायला?"

दोन दिवसांनी मी पॅसेंजरने रोह्याहून पाच लिटरचा कॅन भरून नेला. कासूला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं की हे कुठल्या तीर्थाचं पाणी. काकांनी बोट बुडवलं, चाखलं, थुंकले. "ह्यात लोखंड हाय. बोअरचं हाय ना?" होतं बोअरचं. पुढच्या वेळी मी नळाचं नेलं. "ह्याचा घाम गेला नाय." तिसऱ्या वेळी मी चार दिवस बसवलेलं नेलं, तेव्हा त्यांनी सगळी पिल्लं पिशवीत भरून दिली. मी खिशात हात घातला तर म्हणाले, "इकायची नाय म्हटलं ना." फुकट मिळालेल्या मालाइतका राग मला कशाचाच येत नाही. ज्याला किंमत नाही तिथे माणसाने घासाघीस करायची तरी कशावर?

तेव्हापासून मी पेणला जात राहिलो. रागवत जायचो, रागवत यायचो, पण जायचो. बुरशीचं सगळं मी त्यांच्याकडे ऐकलं. माशाच्या अंगावर पांढरा कापूस फुटतो, कल्ल्याजवळ, शेपटीच्या मुळाशी. बाजारात त्यासाठी निळं औषध मिळतं आणि ते मी विकत होतो. काका औषधाला हात लावायचे नाहीत. त्यांच्याकडे तंबाखूच्या डब्यात जाडं, करडं, मिठागरावरचं मीठ असायचं. पुडीतलं मीठ चालायचं नाही, "ते मानसांचं." किती घालायचं याचं मापही जिभेचं. "शहाळ्यापेक्षा जास्त, आमटीपेक्षा कमी." पण मीठ घालण्याआधी ते म्हणायचे, "बुरशी मागनं येते. आदी पानी बिघडतं. धडधाकट माशाला कापूस फुटत नाय." हे वाक्य मी ऐकलं होतं. अनेकदा ऐकलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दुकानाच्या तिसऱ्या वर्षी मला एक कल्पना सुचली. आमच्याकडे गणपतीच्या आधी घर धुतात. जाळ्या काढतात, भांडी चिंचेने घासतात, पडदे उतरवतात. मखराच्या शेजारी माशांची टाकी असली की दर्शनाला येणारा प्रत्येकजण तिच्याकडे बघणार. मी गिऱ्हाइकांना सांगायला लागलो की सणाला टाकी चकाचक पाहिजे, आणि ती मी घरी येऊन धुऊन देईन. रोह्यात लोकांनी ते उचलून धरलं. तीस-बत्तीस घरं झाली. एक बादली, एक स्पंज, एक जाळी घेऊन मी सायकलवरून घरोघर फिरणार होतो. मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, काच, खडे, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली खळखळून धुवायचं, ताजं पाणी भरायचं, मासे परत. तासाभरात टाकी नव्यासारखी.

ही फुशारकी मी पेणला जाऊन काकांना सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते रोह्यात हजर. माझ्या दुकानासमोरच्या स्टुलावर बसले. मी आत काच कापत होतो. बाहेर दोन गिऱ्हाइकं आली, टाकी धुण्याची वेळ ठरवायला.

"टाकी धुवू नका," काका त्यांना म्हणाले.

"का हो?"

"मिठागराचा तल कोन खरवडतो काय? वरसानुवरसं पायानं तुडवून तो तल बसवायचा. काला, बुलबुलीत. बगणाऱ्याला घाण वाटते. पन त्याच्यावरच मीठ पांढरं येतं. तो काढलास तर मिठात चिखल. तुमच्या टाकीचा पन तसाच तल हाय. धुतलात की मासे उघडे पडतील."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी बाहेर आलो.

"काका, हे माझं दुकान आहे."

"म्हनून तर आलो."

"स्वतः विकायचं नाही आणि मलाही विकू द्यायचं नाही?"

"घरं सोलतोयस तू, बाला. पाऊस हाय. नलाला पावडर हाय. एकच जाळी सगळीकडं फिरवणार. एका घरातला आजार—"

"बास. उठा तिथून."

माझा आवाज चढला की समोरच्या कापडदुकानातले लोक बाहेर येतात, ते आले. मी काकांच्या हाताला धरून त्यांना स्टुलावरून उठवलं. मी ढकललं नाही. पण उठवलं. ते गेले. जाताना त्यांनी माझ्या दुकानाच्या बाहेरच्या पिंपात बोट बुडवून चाखलं आणि गटारीत थुंकले. त्या दोन गिऱ्हाइकांच्या टाक्या मी त्याच दुपारी धुतल्या, निम्म्या दरात.

गणपती बसले. दुसऱ्या दिवशी पहिली बाई आली. हातात पिशवी, पिशवीत गोल्डफिश. जिवंत होता, पण शेपटीला कापूस. मी निळं औषध दिलं. संध्याकाळपर्यंत आठ जण. तिसऱ्या दिवशी मी दुकान अर्धं शटर ओढून बसलो. ज्या घरी जावं तिथे मखर सजलेलं, समया लावलेल्या, आणि शेजारी माझ्या काचेत मासे कापूस लेवून तिरके तरंगत होते. दर्शनाला येणारा आधी गणपतीला हात जोडायचा, मग टाकीकडे बघायचा, मग विचारायचा, "कोणाकडून घेतली?" रोहा केवढं? आरती संपेपर्यंत नाव गावभर. डोलवीला परत जाऊन ठेकेदाराच्या दारात उभं राहायचं की काय, हा विचार त्या तीन दिवसांत मी पहिल्यांदा केला.

चौथ्या दिवशी मी पेणला गेलो.

काकांच्या घरीही गणपती होता. मी पाया पडलो, प्रसाद खाल्ला. मला बाकावर बसवलं. तासभर बसवलं. माझ्या अंगात आग होती, पण बसलो. मग त्यांनी माझा हात हुंगला.

"किती घरं?"

"बत्तीस."

"येतो मी. पन प्रत्येक घरात आदी तू सांगायचं. काय केलंस ते. मग मी पान्याला हात लावीन."

मी घासाघीस सुरू केली. त्याशिवाय मला जमतच नाही. म्हटलं, जिथे मासे मेलेत तिथे सांगतो, जिथे वाचतील तिथे कशाला? काका गप्प. म्हटलं, पाणी खराब होतं असं सांगतो, ते काही खोटं नाही. गप्प. म्हटलं, गणपती गेल्यावर एकेकाला बाजूला घेऊन सांगतो, आता घरं पाहुण्यांनी भरलीत. तेव्हा त्यांनी मंगळवारच्या बादलीचं फडकं सोडलं, आत बघितलं आणि पुन्हा बांधलं.

"अवो, सांगा काहीतरी त्याला," काकू आतून म्हणाली.

"सांगितलं ना मी. भाव एकच हाय."

शेवटी त्यांच्याच भावाला हो म्हणून मी परतलो. त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणार नाही. मी चांगला झोपलो. रागाने मला झोप लागते. सकाळी रोह्याच्या स्टेशनवर काका उतरले, खांद्याला मिठाची गोणपाटाची पिशवी, हातात दोन झाकणाचे डबे बसवलेल्या पाण्याने भरलेले. आम्ही निघालो.

पहिल्याच घरी पाच-सहा पाहुणे. मी म्हटलं, "मी टाकी धुतली. ताजं नळाचं पाणी घातलं. स्पंजही धुतला, त्याने आतलं चांगलं होतं ते गेलं. आणि एकाच जाळीने सगळ्यांचे मासे काढले. त्याने हे झालं." एक म्हातारा म्हणाला, "मग आता आरती करू का तुझी?" सगळे हसले. मी दात आवळले. काकांनी बोट बुडवलं, चाखलं, मेलेले दोन मासे काढायला सांगितले, तांब्यात मीठ विरघळवून थोडं थोडं सोडलं, पुन्हा चाखलं, डब्यातलं आणि माझ्या दुकानात बसवून ठेवलेलं पाणी घालून पाव टाकी बदलली. "दोन दिवस खायला नाय घालायचं. मोदक तर नायच," ते यजमानांना म्हणाले. माझी जाळी त्यांनी मिठाच्या पाण्यात बुडवून यजमानांच्या अंगणात उन्हात टांगली आणि प्रत्येक घरी त्या घरचीच चहाची गाळणी मागितली. बायकांनी कुरकुर केली, पण दिली.

असं एकतीस वेळा, तीन दिवस. शेवटी शेवटी मला वाक्य पाठ झालं होतं, आणि पाठ झालेलं वाक्य सांगताना त्रास कमी होत नाही हे मला तेव्हा कळलं. बहुतेक ठिकाणी मासे वाचले. कापूस गळून पडला, शेपट्या झडलेल्या होत्या त्या पुढे वाढल्या. पण लोक धन्यवाद द्यायचे ते काकांना. माझ्या समोर, माझ्या टाकीशेजारी उभं राहून, "काका, तुम्ही होतात म्हणून." एका घरात तर मला खुर्चीही दिली नाही. काकांना हे सगळं दिसत होतं. एका शब्दाने ते मला सावरून घेऊ शकत होते. "पोरगा शिकतोय," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नाही म्हटलं. हे मी त्यांना विसरलेलो नाही, आणि विसरणार नाही.

शेवटचं घर राहिलं सिस्टरचं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. नवरा वर्षभरापूर्वी गेला होता. टाकी त्याची होती, मासे त्याने वाढवलेले, काळे मोठे मॉली. मी माहिती काढली होती. तिथले सगळे मासे मेले होते, एकही उरला नव्हता.

"काका, तिथे वाचवायला काही नाही," मी रस्त्यात म्हटलं. "तिथे जाऊन काय करायचं? एक घर सोडा. बत्तीसमधलं एक."

ते चालत राहिले. वळणावर त्यांनी विचारलं, "डावीकडं की उजवीकडं?"

"डावीकडे," मी म्हटलं.

सिस्टरांकडे गणपती नव्हता, त्या वर्षी सुतक नसलं तरी त्यांनी बसवला नव्हता. टाकी भरलेली होती, पंप चालू होता, दिवा लावलेला होता. आत फक्त खडे आणि बुडबुडे. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मी उभाच राहिलो.

"सिस्टर, मासे माझ्यामुळे मेले," मी म्हटलं. आणि मग पुढचं सगळं, नळाचं पाणी, स्पंज, जाळी.

त्या ऐकत राहिल्या. मग टेबलावरचा माशांच्या खाद्याचा डबा उचलून त्यांनी त्याचं झाकण फिरवलं, उघडलं नाही.

"तुम्ही टाकी धुतलीत त्या दिवशी मी दोनदा खायला घातलं होतं," त्या म्हणाल्या. "सकाळी घातलं ते विसरले आणि दुपारी परत घातलं. हे होते तेव्हा कधी असं झालं नव्हतं. मला वाटलं, माझ्या हातून गेले. आठ दिवस मी हेच धरून बसलेय. मुलीला फोनवरसुद्धा सांगितलं नाही."

"नाही हो," मी म्हटलं. "दोनदा घालून एवढे मोठे मॉली मरत नाहीत. मी मारले ते."

हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

सिस्टरांनी डबा खाली ठेवला. त्या रडल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. काकांनी उठून त्या रिकाम्या टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. थुंकायला जागा नव्हती म्हणून गिळलं.

"पानी बसलंय आता," ते आतल्या दिशेने मोठ्याने म्हणाले. "मासे घाला, सिस्टर."

"तुम्ही द्याल का?" आतून आवाज आला.

"माझ्याकडं मॉली नाय. ह्याच्याकडं हायत."

चहा प्यायलो. पंपाचा आवाज चालू होता. मी काकांना स्टेशनपर्यंत सोडलं. बाकीच्या एकतीस घरांवरून माझं आणि काकांचं पुढे कितीतरी वेळा भांडण झालं. त्यांच्या ओटीवर, बादल्यांच्या रांगेसमोर, काकू मध्ये पडेपर्यंत. तुम्ही मला गावासमोर उघडं पाडलंत, असं मी म्हणायचो, आणि आजही म्हणतो. सिस्टरच्या घराचं नाव मात्र मी त्या भांडणात कधी काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही.